पदर कधी थांबतो? ॲनिमेशनविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आम्ही सेकंडरी मोशनविषयी प्रश्न मागवले होते. पात्राचं अंग हलल्यावर मागून जे जे हलतं ते सगळं यात येतं: वेणी, पदर, झुमके, दप्तराचा पट्टा, सुटलेलं पोट. बऱ्याच पत्रांतली तक्रार एकच निघाली, की शॉटमध्ये सगळं हलतंय पण काही वाटत नाही. त्यातली सहा पत्रं इथे घेतली आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळे आकडे सेकंदाला २४ फ्रेम या हिशेबाने वाचावेत.

प्रश्न : माझा पाच सेकंदांचा शॉट आहे. दादरच्या फलाटावर आई उभी आहे. मुलाची गाडी सुटते, ती गाडीबरोबर तीन पावलं चालते आणि थांबते. पोझेस बऱ्या आल्यात, चेहऱ्यावर दोन दिवस घालवलेत. पण पदर आणि वेणी हलवली की सगळंच लवलवायला लागतं, आणि नाही हलवली तर आई लाकडी वाटते. भावना नेमकी कुठे हरवते?
– विद्यार्थिनी, डोंबिवली

उत्तर : आधी दोन शब्द वेगळे करू, कारण वर्गात ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ साली ॲनिमेशनची बारा तत्त्वं पुस्तकात मांडली. त्यांत 'सेकंडरी ॲक्शन' हे एक तत्त्व आहे आणि 'फॉलो थ्रू व ओव्हरलॅपिंग ॲक्शन' हे वेगळं तत्त्व आहे. बोलता बोलता बाई पदराचं टोक बोटाला गुंडाळते, ही सेकंडरी ॲक्शन. ती पात्र स्वतः करतं. बाई थांबल्यावर पदर पुढे जाऊन मागे येतो, हा फॉलो थ्रू. तो आपोआप होतो, आणि थ्रीडीवाले ज्याला सेकंडरी मोशन म्हणतात ती हीच. पदराला मन नसतं, पदर चाळवणाऱ्या बोटांना असतं. त्यामुळे पदर 'दुःखी' हलवायला गेलात की तो खोटाच दिसणार. दुःख आधी अंगाच्या चालीत आणि थांबण्यात हवं, मग पदर ते उचलतो.

म्हणून पदर आणि वेणीच्या सगळ्या की, म्हणजे ठरावीक फ्रेमवर नोंदवलेल्या स्थिती, पुसून टाका. पदर लपवून नुसतं अंग पाहा. ती थांबते तेव्हा सगळं शरीर एकाच फ्रेमला थांबतंय का? नवख्यांच्या शॉटमध्ये बहुतेक वेळा हेच झालेलं असतं, कारण ब्लॉकिंग, म्हणजे मुख्य पोझेसची पहिली मांडणी, करताना पात्राच्या सगळ्या कंट्रोल्सना एकाच फ्रेमवर की बसते आणि ती पुढे कोणी सोडवत नाही. तुमच्या १२० फ्रेमच्या शॉटमध्ये शेवटचं पाऊल ४० व्या फ्रेमला टेकतं असं धरू. कंबर ४४ ला थांबवा, छाती ४७ ला, डोकं ५० ला. हात गाडीकडे उचललेला असेल तर मनगट ५२–५३ पर्यंत जाऊ द्या आणि बोटं त्यानंतर. एवढं केलं तरी पदर न दाखवताच ती निम्मी जिवंत होईल.

आता पदर. चालताना तो पाठीमागे थोडा ओढला जातो. पावलं थांबली की तो पुढे येतो, म्हणजे गाडीच्या दिशेने. तुमच्या शॉटचं सगळं मोल याच जागी आहे. आई थांबलीये आणि पदर अजून मुलाच्या मागे जातोय. त्याचं टोक साधारण ५६ व्या फ्रेमला सर्वांत पुढे जाऊन डाव्या हाताला बिलगू द्या, ७० ला मागे जाऊ द्या, ८० ला पुन्हा जेमतेम पुढे, आणि ८८ ला स्थिर. पुढच्या ३२ फ्रेममध्ये पदर हलवू नका. फक्त श्वास ठेवा. पदर निश्चल झाला की ती एकटी उरल्याचं कळतं. डोकं खाली घालायचं असेल तर ते पदर थांबल्यावरच, ९२ च्या आसपास सुरू करा. पदर हलत असतानाच डोकं खाली गेलं तर बघणाऱ्याची नजर दोन्हीकडे धावते आणि दोन्ही वाया जातात.

वाऱ्याचंही सांगायला हवं. लांब पल्ल्याची गाडी सुटताना हळूहळू सरकते, तिचा वारा लागतच नाही. पहिल्या फ्रेमपासून पदर फडफडवला असेल तर शॉट तिथेच फसला आहे. शेवटचा डबा वेग घेऊन जवळून जातो तेव्हा मात्र हवा गाडीच्या दिशेने ओढते आणि डबा पुढे गेला की ओसरते. ते ओसरणं हवं असेल तर शॉट दोन सेकंदांनी वाढवा.

आणि कॅमेरा तिच्या डाव्या बाजूला ठेवा. पदर डाव्या खांद्यावरून मागे पडतो. कॅमेरा उजवीकडे असेल तर तुमची सगळी मेहनत तिच्या पाठीआड जाईल.

कापड कोणतं हेही आधीच ठरवा. सुती पदर दीड झोक्यात थांबतो. जॉर्जेट हवेवर तरंगतं, त्याला खाली यायला आठ-दहा फ्रेम जास्त द्या. पैठणीच्या पदराला जरीचं वजन टोकाशी असतं, म्हणून तो उशिरा निघतो, जडपणे येतो आणि त्यावर बारीक लाटा उठत नाहीत. आई नऊवारीत असून पदर कमरेला खोचलेला असेल तर हलण्यासारखं जवळजवळ काहीच उरत नाही. खांद्यापासून कमरेपर्यंतचा पट्टा किंचित सैल होतो, एवढंच. तिथे पदर फडकवणं म्हणजे नऊवारी न पाहता काढणं. तसं पात्र असेल तर थांबण्याची गोष्ट नथीच्या मोत्याला, हातातल्या पिशवीला किंवा अंबाड्यावरच्या गजऱ्याच्या सुटलेल्या टोकाला सांगू द्या.

प्रश्न : ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये वेणीला सहा बोन (वेणी वाकवणारी आतली हाडं) आहेत. डोक्याचं रोटेशन पहिल्या बोनला कॉपी केलं आणि प्रत्येक पुढच्या बोनचा कर्व्ह (हालचालीचा आलेख) दोन-दोन फ्रेमने पुढे सरकवला. व्हिडिओत असंच शिकवलं होतं. वेणी पाण्यातल्या सापासारखी वळवळते. फ्रेमचा फरक किती ठेवायचा याचा काही नियम आहे का?
– वाचक, ठाणे

उत्तर : नियम आहे, आणि तो कोणत्याही सॉफ्टवेअरचा नाही, लंबकाचा आहे. एक आकडा पाठ करा. २५ सेंमी लांब दोरीला टांगलेलं वजन एक पूर्ण झोका, जाऊन-येऊन, एका सेकंदात घेतं, म्हणजे २४ फ्रेम. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट होतो: १ मीटरला २ सेकंद, ४८ फ्रेम. लांबी पाव झाली की वेळ निम्मा: सव्वासहा सेंमीला १२ फ्रेम. चार सेंमीच्या झुमक्याला साडेनऊ-दहा फ्रेम लागतात. वेणीचं वजन टोकाला नसून सगळ्या लांबीभर पसरलेलं असतं, म्हणून तिची लांबी दोन तृतीयांश धरायची. ६० सेंमीची वेणी ही हिशेबाला ४० सेंमीचा लंबक. तिचा झोका साधारण ३० फ्रेमचा.

आता तुमची वेणी पाहा. सहा बोन, मध्ये पाच अंतरं, प्रत्येकी दोन फ्रेम. शेवटचा बोन पहिल्याच्या १० फ्रेम मागे. झोकाच ३० फ्रेमचा असताना टोक एक तृतीयांश झोका मागे पडलं, म्हणजे मूळ डावीकडे निघालं तेव्हा टोक अजून उजवीकडे चाललंय. साप दिसणारच. सगळ्या वेणीचा मिळून उशीर झोक्याच्या एक षष्ठांशाच्या आसपास ठेवा: इथे पाच फ्रेम, म्हणजे प्रत्येक बोनला एकच.

दुसरी चूक अंशांची. साखळीतला प्रत्येक बोन आपल्या वरच्याचं रोटेशन वाहतो आणि त्यात स्वतःचं मिळवतो. सहाही बोनला १५ अंश दिले तर टोकाशी ९० अंश साचतात. मुळाला १२, मग ५, ४, ३, ३ आणि शेवटी २ अंश असं उतरतं वाटप करा. घट्ट विणलेल्या वेणीला टोकाशी आणखी कमी. मोकळ्या केसांना उलट, टोकाकडे थोडं जास्त.

तिसरी गोष्ट, डोक्याचा कर्व्ह जसाच्या तसा कॉपी करू नका. डोकं उजवीकडे गेलं की वेणी आधी होती तिथेच राहू पाहते. म्हणून पहिल्या बोनला सुरुवातीला डोक्याच्या विरुद्ध दिशेने फिरवायचं, मग ती ओढली जाते, डोकं थांबल्यावर पुढे जाते आणि झोके घेत थांबते. झोके विरताना कोन दर वेळी साधारण निम्मा होतो: २० अंश, मग उलट बाजूला १०, मग ५, मग २. झोक्याला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो. कोन कमी होतोय म्हणून झोकेही जवळजवळ आणले की वेणी स्प्रिंगसारखी थरथरते. ही चूक आम्हाला जवळजवळ प्रत्येक शोरीलमध्ये दिसते.

काम सुरू करण्याआधी ब्लेंडरमधल्या दोन गोष्टी नीट करून घ्या. पोझ बोनचं रोटेशन मुळात क्वाटर्नियनमध्ये, म्हणजे चार आकड्यांच्या गणिती रूपात, असतं आणि ते कर्व्ह पाहून काहीच उमगत नाही. कामाआधी ते एक्सवायझेड ऑयलरमध्ये, म्हणजे तीन अक्षांभोवतीच्या साध्या अंशांत, बदला. चालीचा लूप करत असाल तर कर्व्ह सरकवण्याआधी त्यांना सायकल्स मॉडिफायर लावा, म्हणजे कर्व्ह पुन्हा पुन्हा तसाच चालू राहतो. नाहीतर सरकवलेल्या कर्व्हच्या सुरुवातीला सपाट जागा राहते आणि लूप दर फेरीला तिथे अडखळतो.

भावनेचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो याच हिशेबात दडलेला आहे. अंगाच्या हालचालीला लागणारा वेळ आणि वेणीच्या झोक्याला लागणारा वेळ यांची तुलना करा. नाव ऐकताच मुलगी चार फ्रेममध्ये मान वळवते. चार फ्रेम तीसच्या मानाने काहीच नाहीत, म्हणून वेणी आधी जागच्या जागी राहते आणि मग ३५–४० अंश उसळते. आनंद, दचकणं, राग, सगळे इथेच. तीच मुलगी वाईट बातमी ऐकून ४५ फ्रेम घेत मान खाली घालते, तेव्हा वेणी मागे पडतच नाही. ती नुसती खांद्यावरून पुढे घरंगळते, जेमतेम पाच अंश. दोन्हीकडे वेणी तीच, बोन तेच. बदलला तो मानेचा वेळ.

प्रश्न : मी कागदावर आणि क्रिता या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये, टूजवर (एक चित्र दोन फ्रेम) काम करतो. पदर आणि केसही टूजवरच काढायचे की वन्सवर (दर फ्रेमला नवं चित्र)?
– वाचक, गिरगाव

उत्तर : अंग टूजवर असेल तर पदरही टूजवर ठेवा. फक्त अंग झटकन वळतं त्या सहा-आठ फ्रेममध्ये पदर वन्सवर काढा, कारण तिथे दोन चित्रांतलं अंतर एवढं वाढतं की कापड उड्या मारतं. टूजवर उशीर दोन किंवा चार फ्रेमचाच देता येतो, एक किंवा तीनचा नाही. तेव्हा वेणीचे सहा तुकडे करण्यात अर्थ नाही, तीन पुरे.

काढण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी पदर जिथून सुटतो त्या खांद्याच्या बिंदूचा मार्ग सगळ्या चित्रांत ठिपक्यांनी आखा. मग टोकाचा मार्ग. तो बहुतेक वेळा आडव्या इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा येतो. शेवटी दोन्हींमधली रेषा: एका बाजूला झुकताना इंग्रजी सीसारखी, दिशा बदलताना एससारखी. उलट्या क्रमाने, म्हणजे आधी सुंदर पदर काढून मग तो खांद्याला जोडायला गेलात तर कापडाची लांबी दर चित्रात बदलते. पदर वेगळ्या लेयरवर ठेवा, म्हणजे अंग होल्डवर (एकाच चित्रावर थांबलेलं) असताना फक्त तोच पुढे काढता येतो.

प्रश्न : आम्ही स्टुडिओत कापडाला सिम्युलेशनच लावतो, म्हणजे त्याची हालचाल संगणकच हिशेबाने काढतो. मग हे सगळं हाताने करायचं कशाला? आणि सिम्युलेशन लावूनही दिग्दर्शक 'फील येत नाही' म्हणतात, तेव्हा बदलायचं काय?
– कनिष्ठ ॲनिमेटर, अंधेरी

उत्तर : सिम्युलेशन कापड कसं पडेल ते बरोबर सांगतं. ते कधी थांबावं, हे त्याला ठाऊक नसतं. 'फील येत नाही' याचा अर्थ बहुतेक वेळा हाच, की कापड चुकीच्या क्षणी हलतंय किंवा चुकीच्या क्षणी गप्प आहे.

पहिला उपाय सिम्युलेशनच्या आधीचा: अंगाचं टायमिंग बदला. कापडाची सेटिंग्ज चाळत बसण्यात दिवस जातो आणि दोष असतो खांद्याच्या कर्व्हमध्ये. खांदा १० ऐवजी ६ फ्रेममध्ये थांबवून पुन्हा बेक करून (सिम्युलेशनचा हिशेब नव्याने काढून) पाहा, फरक लगेच दिसेल.

दुसरा उपाय, काम वाटून घ्या. पदराचा खांद्याजवळचा एक तृतीयांश हिस्सा दोन-तीन बोनने हाताने चालवा, त्याला पिन ग्रुपमध्ये (सिम्युलेशनने हलवायचा नाही अशा भागात) पूर्ण वजन द्या आणि खाली उतरता उतरता वजन शून्यावर आणा. दिशा आणि वेळ तुमच्या हातात राहते, सुरकुत्या संगणक करतो. तिसरा उपाय वाऱ्याचा. विंड फोर्स फील्डच्या, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वाऱ्याच्या, ताकदीला की लावता येते. तो सतत चालू ठेवायचा नसतो. पात्राच्या मनात बदल होतो त्याच्या पाच-सहा फ्रेम आधी वारा पडू द्या.

आता नेहमी काय बिघडतं ते. पात्र पहिल्या फ्रेमला थेट पोझमध्ये असेल तर कापड पहिल्याच क्षणी स्फोट झाल्यासारखं उडतं. शॉटच्या ४०–५० फ्रेम आधी पात्र मूळ उभ्या पोझमध्ये ठेवा, तिथून २५ फ्रेममध्ये पहिल्या पोझला आणा आणि उरलेल्या फ्रेम कापड निवांत बसायला द्या. ब्लेंडरमध्ये क्वालिटी स्टेप्स, म्हणजे दर फ्रेमला कापडाचा हिशेब किती टप्प्यांत होतो तो आकडा, मुळात ५ असतात. झटक्याच्या हालचालीत हात पदरातून आरपार जातो तेव्हा त्या १० ते १२ करा. टक्कर ओळखण्याचं अंतर मुळात ०.०१५ मीटर, म्हणजे दीड सेंमी. छोट्या मुलाच्या अंगरख्याला ते जास्त होतं आणि कापड अंगापासून सुटल्यासारखं तरंगतं, तिथे ०.००५ करा. मात्र सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक आकाराची आहे. पात्र सीनमध्ये १६ मीटर उंच मॉडेल केलेलं असतं, आणि गुरुत्वाकर्षण मात्र खरं. मग कापड राक्षसाच्या अंगावरल्यासारखं संथ पडतं आणि प्रत्येक सीन उगाच गंभीर वाटू लागतो. पात्र खऱ्या मापाचं करा आणि कंट्रोल व ए दाबून स्केल लागू करा. सिम्युलेशन त्यानंतर.

प्रश्न : चाळीतला प्रसंग आहे. वडील पेपर वाचतायत, मुलगा नापास झाल्याचं सांगतो. वडिलांचा चेहरा पेपराआड आहे आणि तो दाखवायचाच नाहीये. राग नुसत्या पेपरातून दाखवता येईल का? सर म्हणतात 'काहीतरी बिझनेस दे', म्हणजे पात्राला हाताने करायला काहीतरी दे, पण पेपर हलवला की तो वाऱ्याने हलतोय असं वाटतं.
– विद्यार्थी, लालबाग

उत्तर : येईल, आणि चेहरा न दाखवण्याचा निर्णय चांगला आहे, तो बदलू नका. इथे सेकंडरी ॲक्शन आणि सेकंडरी मोशन एकाच वस्तूत आहेत: पेपर धरणारी बोटं वडिलांची आणि पेपराच्या कडा कोणाच्याच नाहीत. तुम्ही बहुधा सगळा पेपर एकत्र हलवलात, म्हणून तो वारा वाटला. वाऱ्याने मोकळ्या कडा आधी हलतात आणि धरलेली जागा शेवटी. हाताच्या थरथरीने धरलेली जागा आधी हलते आणि कडा मागून, जास्त कोनात.

माणसाच्या हाताची नैसर्गिक थरथर सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा होते. १२ म्हणजे एक फ्रेम वर, एक फ्रेम खाली. पडद्यावर ते चित्र हलल्यासारखं, तांत्रिक दोष असल्यासारखं दिसतं. ८ धरा, म्हणजे तीन फ्रेमची एक फेरी. अंगठ्याजवळ पेपर एक-दोन मिलिमीटर, वरच्या मोकळ्या कोपऱ्याशी सेंटिमीटरभर, तोही एक फ्रेम उशिरा. प्रत्येक फेरीचा कोन थोडा वेगळा ठेवा, सारखा ठेवलात तर यंत्र वाटेल. आणि थरथर सलग ठेवू नका: १२ फ्रेम थरथर, २० फ्रेम शांत, पुन्हा ८ फ्रेम.

पण नुसती थरथर म्हणजे भीती किंवा म्हातारपणही होऊ शकतं. राग वाचला जातो तो क्रमातून. मुलगा बोलण्याआधी पेपराला वडिलांच्या श्वासाची लय द्या. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. १५ धरले तर एक श्वास ९६ फ्रेमचा, आत घ्यायला ४० च्या आसपास आणि सोडायला व मधल्या विसाव्याला उरलेल्या. पेपर या लयीने मिलिमीटरभर वर-खाली होतो. प्रेक्षकाला ते दिसत नाही, जाणवतं. 'नापास' हा शब्द येताच तो श्वास अर्ध्यावर थांबवा. ३० फ्रेम पेपर अगदी स्तब्ध. मग बोटं आवळतात, कागदाला अंगठ्यापासून चुणी पडते, आणि त्यानंतरच थरथर. शेवटी वडील पान उलटतात. रोज ते पान २४ फ्रेममध्ये उलटत असतील तर आज १० फ्रेममध्ये, आणि उलटलेलं पान स्थिर होण्याआधीच घडी. पान उलटणं मुलाच्या वाक्यावर पडू देऊ नका. वाक्य संपल्यावर किमान १२ फ्रेम मोकळ्या सोडा.

हेच बाईच्या बाबतीत झुमक्याने करता येतं. ती रडू दाबतेय, चेहरा घट्ट धरलाय, पण आत घेतलेला श्वास दोन-तीन हिसक्यांत तुटतो, प्रत्येक हिसका पाच-सहा फ्रेमचा. खांदा अर्धा सेंटिमीटर हलतो आणि मान त्याहून कमी. झुमका मात्र तेवढ्यानेही डुलतो, कारण त्याचा झोकाच दहा फ्रेमचा आहे आणि हिसके त्याच्या अर्ध्या झोक्याशी जुळतात. मध्यम अंतरावरच्या शॉटमध्ये एवढा डुल पुरतो. क्लोजअपमध्ये तो निम्मा करा.

प्रश्न : क्लासची फी परवडत नाही. मुंबईत राहून नुसत्या निरीक्षणातून हे शिकता येईल का? कुठे जायचं आणि काय टिपायचं?
– वाचिका, चेंबूर

उत्तर : शिकता येईल, आणि या विषयात तर मुंबई फार देते. लोकलमधले उभ्या प्रवाशांनी धरायचे लोंबते हातकडे पाहा. सगळे एकाच लांबीचे, म्हणून सगळे एका तालात झुलतात. ब्रेक लागला की सगळे पुढे. ज्याला माणूस लटकलाय तो मात्र हलत नाही, आणि माणसाच्या खांद्यावरची पिशवी हलते. एकाच धक्क्याला शंभर वस्तू कशी वेगवेगळी उत्तरं देतात ते एका डब्यात दिसतं. दुपारी मरीन ड्राइव्हला वारा समुद्राकडून येतो. समुद्राकडे तोंड करून बसलेल्या मुलीची ओढणी मागे जाते आणि ती वळली की तीच तोंडावर येते. वारा तोच, पण पहिलीत मोकळेपणा दिसतो आणि दुसरीत गोंधळ. हातगाडीवरून बाहेर आलेल्या लोखंडी सळ्यांची टोकं खड्ड्यानंतर किती वेळ लवतात ते मोजा. गुढीपाडव्याला गिरगावची शोभायात्रा चुकवू नका: मोटारसायकलवरच्या बायकांच्या नऊवारीत काय उडतं आणि काय खोचलेलं राहतं, लेझीम थांबल्यावर कड्या केव्हा थांबतात, मोठा ध्वज फिरवताना काठी उलट वळली तरी कापड आधीच्याच दिशेने किती वेळ जात राहतं. ड्रॅग, म्हणजे हे मागे ओढलं जाणं, शिकवायला त्या ध्वजाइतकं चांगलं काही नाही.

फोनच्या स्लो मोशनचा उपयोग करा. तो सेकंदाला २४० फ्रेम घेत असेल तर दर दहावी फ्रेम तुमची एक फ्रेम. १२० घेत असेल तर दर पाचवी. घरात ट्यूबलाइटखाली शूट करू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बऱ्याच दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि स्लो मोशनमध्ये चित्र लुकलुकतं. सकाळच्या उजेडात, खिडकीपाशी करा. अनोळखी माणसांचं चित्रण करू नका, त्यांची वहीत दोन-तीन रेषांची टिपणं घ्या. व्हिडिओ घरच्यांचा, त्यांना विचारून.

सरावासाठी आधी पाच किलो पिठाची पिशवी. तिला फक्त दोन कान, म्हणजे वरचे दोन कोपरे. ती उडी मारते, पडते, उठते. कोपरे किती उशिरा येतात एवढंच साधा. मग एक चेंडू आणि त्याला शेपटी. मग डोकं आणि एक वेणी, बाकी धड नाही. या तिसऱ्या सरावाचे तीन शॉट करा: कोणीतरी हाक मारली आणि ती आनंदाने वळली, घाबरून वळली, नको असताना वळली. वळण्याचा कोन तिन्हींत सारखा, चेहरा कोरा. आनंदाला सहा फ्रेम आणि शेवटी थोडं पुढे जाऊन मागे. भीतीला आधी चार फ्रेम उलट्या दिशेने आक्रसणं, मग तीन फ्रेममध्ये वळणं आणि तिथेच गोठणं, म्हणजे वेणी एकटीच झुलत राहील. नको असतानाला २२ फ्रेम, आधी डोळे, मग नाक, मग हनुवटी, आणि वेणी जवळजवळ स्तब्ध. झाल्यावर डोकं लपवून फक्त वेणी घरच्या कोणाला तरी दाखवा आणि कोणता शॉट कोणता ते विचारा. तिन्ही ओळखता आले तर मग चेहरा काढायला घ्या. नाही आले तर वेणीला हात लावू नका, मानेच्या फ्रेम पुन्हा मोजा.

टीव्हीसाठी सेकंदाला २५ फ्रेमवर काम करणाऱ्यांनी वसईहून विचारलं आहे, की आकडे बदलायचे का. २५ ला गरज नाही, फरक चार टक्क्यांचा आहे. ३० फ्रेमवर मात्र सगळं सव्वापट करा: झुमक्याचा झोका १२ फ्रेमचा होईल आणि वेणीचा ३७–३८ चा. थरथरीची तीन फ्रेमची फेरी तिथे चार फ्रेमची धरा.